पेवातला पूल्प

धोंडीबाला त्या एका शब्दातून सुटत होतं ते काही थोडं नव्हतं. हणमंतप्पाच्या दुकानाच्या ओट्यावर बूड टेकायला जागा, तीही खांबाला पाठ लावून. अधूनमधून चहा. आणि ज्यांनी त्याला जन्मभर ‘ए पेवातल्या’ अशी हाक मारली, त्यांनीच ‘मग पुढं काय झालं धोंडीबा’ असं अजीजीनं विचारायचं. भांडवल म्हणाल तर एक शब्द, तोही परमुलखात फुकट मिळालेला. बेंबळीच्या बाजारात एवढ्याशा भांडवलावर एवढा नफा खुद्द हणमंतप्पालाही कधी झाला नव्हता, आणि हणमंतप्पा हे ओळखून होता.

आत्ताही धोंडीबा ओट्यावर बसून दोन्ही हात हवेत सोडून दाखवत होता, आणि समोरच्यांच्या नजरा त्याच्या बोटांमागून फिरत होत्या.

“आठ हात. हाडूक म्हनून एक न्हाय. समुद्राच्या बुडाला बीळ असतंय, त्यात ह्यो बसतो. हात तेवढे भाईर. मानूस जवळनं गेला की पायाला इळखा. वरडायला सुदीक येळ मिळत न्हाय. म्या डोळ्यांनी बगितलंय.”

यातलं शेवटचं वाक्य तेवढं खोटं होतं.

खरं होतं ते असं. युद्धाच्या वर्षांत धोंडीबा मुंबईला गेला, गोदीत हमाली करता करता एका मालजहाजाच्या भटारखान्यात कांदे सोलायला लागला. यंत्र बिघडून ते जहाज जिबूतीला, फ्रेंचांच्या बंदरात, बरेच दिवस पडून राहिलं. तिथल्या एका फ्रेंच भटाऱ्यानं त्याच्यादेखत एक बुळबुळीत गोळा दगडावर आपटून आपटून मऊ केला, जाड मिठानं चोळून त्याचा चिकटा काढला आणि पातेल्यात सोडला. हे काय, म्हणून धोंडीबानं खुणेनं विचारलं. भटारी म्हणाला, पूल्प. ताटात येतो तो पूल्प. पाण्यात जिवंत असतो त्याला तो आणखी काही वेगळंच म्हणायचा, पण ते नाव धोंडीबाच्या जिभेवर बसलं नाही. बिळाची, विळख्याची आणि ओढून नेलेल्या पाणबुड्याची गोष्ट भटाऱ्यानंच हातवारे करून सांगितलेली. धोंडीबानं पाहिला तो मेलेला, मीठ चोळलेला. गावी परत आल्यावर त्यानं तो जिवंत केला.

समुद्र गावात कोणी पाहिला नव्हता. त्यामुळे शब्दाला अडवायला कोणी नव्हतं. तो गावच्या तोंडी बसला आणि बसता बसता ‘पुलप’ झाला. रडणाऱ्या पोराला पुलप येऊ लागला. मुक्काम लांबवणाऱ्या पाहुण्याला त्याच्या पाठीमागं पुलप म्हणू लागले. लेवीचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी वसुलीचं, धान्य न्यायला महसुलाचा गिरदावर आणि त्याची माणसं गावात शिरली की बायका दारं ओढून घेत आणि एकमेकींना सांगत, पुलपाचे हात आले बाई. पुढं अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या टोळ्या आसपासची गावं जाळत फिरू लागल्या. त्यांना मात्र कोणी पुलप म्हणालं नाही. त्यांच्या नावाला दुसऱ्या नावाची गरजच नव्हती.

धोंडीबाचा वडिलोपार्जित धंदा पेवाचा. पांढरीच्या घट्ट मातीत मडक्यासारखं खोदलेलं पेव. तोंड अरुंद, पोट मोठं. आतून कडब्याचा थर, मग ज्वारी, तोंडावर शिळा आणि शिळेवर शेणमातीचा लेप. असं कोंडलेलं पेव उघडलं की आत वाफ साठलेली असते. तिला रंग नाही. माणूस उतरतो, त्याला जरा बसावंसं वाटतं, आणि बसतो तो बसतोच. म्हणून बापानं त्याला शिकवलेलं, की तोंड उघडं टाकून थांबायचं, मग दोरीला रॉकेलची पेटती चिमणी बांधून आत सोडायची. चिमणी तेवत राहिली तर माणूस उतरेल. विझली तर पुन्हा थांबायचं. एवढीच त्या धंद्याची विद्या, आणि ती गावात तशी सगळ्यांनाच ऐकून ठाऊक होती.

त्या वर्षी ज्वारी भरायची वेळ आली तेव्हा हणमंतप्पानं धोंडीबाला दुकानाच्या आत बोलावलं. जुन्या गोठ्यामागं त्याचं एक पेव होतं. लेवीवाल्यांना ते माहीत नव्हतं. पण भुकेल्या गावाला माहीत होतं, आणि शेजारच्या दोन गावांत पेवं फुटली होती. हणमंतप्पा बराच वेळ तराजूच्या दोऱ्या सारख्या करत बसला. मग विचारलं, तुझं ते जनावर कोरड्यात जगतं का?

“अप्पा, त्यो समुद्रातला हाय.”

“असू दे की. समुद्र ओला असतोय का कोरडा, गावाला काय ठाऊक हाय?”

सौदा ठरला. धोंडीबानं येताना बिस्किटाच्या डब्यातून पिल्लू आणलं होतं, ते अप्पाच्या पेवात सोडलंय आणि आता ते वाढलंय, एवढं त्यानं ओट्यावरून सांगायचं. बदल्यात आषाढात त्याच पेवातून त्याच्या घरची बेगमी व्हायची.

धोंडीबाची बायको धुरपदाबाई हे ऐकून भाकरी थापता थापता थांबली. “जल्मात मासळी न शिवलेल्या मानसाच्या पेवात समुद्राचं जनावर. गाव काय येडं हाय का?”

गाव वेडं नव्हतं. गाव घाबरलेलं होतं. गोठ्यामागून जाताना लोक अंग चोरून जाऊ लागले.

पेव भरायच्या दिवशी भिंतींवर माणसं येऊन बसली. धोंडीबा पहाटेच येऊन, तोंड उघडून, चिमणी सोडून वाफ बघून गेला होता. रिकामं पेवसुद्धा त्यानं कधी दिव्यावाचून सोडलं नाही. त्या बाबतीत तो बापाचा मुलगा होता. पण दिवा चारचौघांत दाखवला तर पेव पुन्हा साधं पेव झालं असतं. म्हणून लोक जमल्यावर त्यानं चिमणीचं नावही काढलं नाही. कमरेचा बटवा सोडला, मुठीत जाडं मीठ घेतलं आणि पेवाच्या तोंडावर टाकलं. मिठानं त्याचा विळखा सुटतो, म्हणाला. भटाऱ्याच्या हातातलं मीठ होतं ते. भिंतीवरून एक लांब श्वास ऐकू आला.

दोरी धरून बलभीम उभा होता. धोंडीबाचा धाकटा भाऊ. उंचापुरा, मागच्याच साली लग्न झालेला. दादा कधी खोटं बोलतो ही शक्यता त्याच्या हिशेबात नव्हती. तो टक लावून मिठाकडे बघत होता. एकांतात याला खरं सांगून ठेवावं, असं धोंडीबाच्या मनात आलं. पण बलभीमच्या डोळ्यांत त्या वेळी जे होतं ते धोंडीबाला स्वतःसाठी आजवर कोणाच्याच डोळ्यांत दिसलं नव्हतं. राहू दे, त्यानं मनाशी म्हटलं, सांगू पुढं.

पुढं ज्येष्ठात हणमंतप्पानं गाव सोडायचं ठरवलं. रझाकार जवळ आले होते, आणि निजामाची हद्द ओलांडून बार्शीला गेलं की जीव तरी वाचत होता. वाटेला लागेल म्हणून एक पोतं ज्वारी काढायची होती. धोंडीबानं पुन्हा तेच केलं. आधी गुपचूप चिमणी, मग चारचौघांत मीठ. बलभीमनं दोरी सोडली आणि धोंडीबा आत गेला.

आत उष्ण होतं. वरचं तोंड नाण्याएवढं दिसत होतं. तो पोतं भरत होता आणि मानेवर काहीतरी टेकलं. मऊ, हाड नसलेलं. कडब्याची काडी असणार, हे त्याला माहीत होतं. जन्मभर अशा काड्या त्याच्या मानेला लागल्या होत्या. तरी त्याचा हात मागं जाईना. मग घोट्यालाही काही लागलं. इथं काही नाही, हे गावात सगळ्यांत पक्कं ठाऊक असलेला तो माणूस, आणि त्याच्या तोंडातून आवाज फुटेना. शब्द आपला, गोष्ट आपली, पेवही आपलं. आणि आता सगळं मिळून खालून त्याचा पाय धरत होतं. कसाबसा त्यानं दोरीला हिसका दिला.

वर आला तेव्हा अंगावरची बंडी घामानं चिकटली होती. बलभीमनं त्याला धरून बसवलं आणि हळूच विचारलं, “दिसला का, दादा?”

धोंडीबाला श्वास पुरत नव्हता. त्याची मान हलली. ती हो होती की नाही हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बलभीमनं हो धरली.

दुसऱ्या दिवशी हणमंतप्पा आणि त्याची बायको रुद्रम्मा यांना गाडीत घालून धोंडीबा बार्शीला निघाला. चार-सहा दिवसांत परत यायचं होतं. पण परतीच्या रस्त्यावर टोळ्या बसल्या होत्या. गेलेल्या गाड्या बार्शीतच अडकल्या. आषाढ उजाडला. घरात ज्वारीची उतरंड रिकामी झाली, मग बाजरी, मग धुरपदाबाई तांदुळजा उकडून वाढू लागली. बलभीमची बायको सत्यभामा पोटुशी होती. ती काही मागत नव्हती, पण जेवताना तिचं लवकर आटपायचं.

बलभीमनं एके दुपारी दोरी काढली. आषाढातली बेगमी आपल्या हक्काची, अप्पानं कबूल केलेली. आपलंच आणायचं, यात चोरी कसली, असं त्याचं म्हणणं. धुरपदाबाई म्हणाली, दादाला येऊ दे. तो ऐकेना तेव्हा म्हणाली, निदान चिमणी तरी सोड आधी, मामंजी सोडायचे. घरात रॉकेलचा थेंब नव्हता. कोणाकडं मिळतंय का बघून येते, तोवर थांब, असं सांगून ती बाहेर पडली.

बलभीम थांबला नाही. पेव फार वेळ उघडं ठेवलं तर दहा डोळे बघतील, हे त्याचंही बरोबरच होतं. “दादा मीठच टाकतो,” तो सत्यभामेला म्हणाला. “म्या हुबा व्हतो की तिथं.”

गाड्या बंद असल्यानं मीठही मिळत नव्हतं. सत्यभामेनं बरणीत हात घातला, मूठ भरली, मग बरणीचा तळ बघून अर्धी मूठ परत सोडली. उरलेलं त्याच्या हातात दिलं.

दोघांनी शिळा सरकवली. त्यानं मीठ टाकलं, दोरीचं एक टोक गोठ्याच्या मेढीला बांधलं आणि दोरी तिच्या हाती दिली. पोतं खांद्यावर टाकून तो उतरला. खालून एकदा खोकल्याचा आवाज आला. मग दोरी सैल पडली. सत्यभामेनं वाकून नावाच्या ऐवजी नुसती ‘अवो’ अशी हाक दिली. नवऱ्याचं नाव तिनं तेव्हाही घेतलं नाही. किंकाळी नाही, झटापट नाही, काही नाही. धोंडीबा ओट्यावर सांगायचा, अगदी तसंच.

धुरपदाबाई बाटलीच्या बुडाला बोटभर रॉकेल घेऊन आली तेव्हा गोठ्यामागं गाव गोळा झालं होतं आणि पेवाच्या जवळ कोणीही नव्हतं. ती ओरडून सांगू लागली, की वाफ आहे, आधी आत फांद्या सोडून हवा हलवा, दिवा सोडा, कोणीतरी उतरा. लोक ऐकत होते. पाऊल कोणी पुढं टाकलं नाही. चार धट्टेकट्टे पुरुष होते तिथं, आणि त्यांच्यातला एकही वाईट नव्हता. शेवटी शेणमातीचा लेप राहिला, त्या चौघांनी घाईघाईनं नुसती शिळा तेवढी पुन्हा ओढून घेतली, आतलं बाहेर येऊ नये म्हणून.

धोंडीबा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. रानोमाळ, आडवाटेनं, पायी. त्याला वेशीतच सांगितलं, बलभीमला पुलपानं नेलं.

तो गोठ्यामागं गेला. शिळेच्या कडेला मिठाचे खडे पडले होते. ते त्यानं पाहिले. मग त्यानं शिळा सरकवली, बायकोच्या हातून चिमणी घेतली आणि सगळ्या गावादेखत दोरीनं खाली सोडली. अर्ध्यात जाऊन ती विझली.

मागं माणसं एकदम सरकली.

त्यानं लिंबाचे डहाळे दोरीला बांधले आणि ते पेवात खालीवर, खालीवर करत राहिला. पुन्हा चिमणी. पुन्हा डहाळे. दिवा तळाला तेवत राहिला तेव्हा तो उतरला.

बलभीम ज्वारीवर भिंतीला टेकून बसला होता. मांडीवर रिकामं पोतं, तोंड जरा उघडं. ज्वारीच्या पोत्यांची गाडी उतरवून दमला की बसायचा तसा. अंगावर कुठं ओरखडा नव्हता. ज्वारीवर मिठाचे चार पांढरे खडे होते. धोंडीबानं ते वेचून मुठीत घेतले, का ते त्यालाही माहीत नव्हतं, आणि मग भावाच्या काखेतून दोरी घातली.

मढं वर घेतल्यावर तो तिथंच बोलला. ओट्यावरचा आवाज नव्हता तो. “पुलप न्हाय. कवाच नव्हता. म्या आनला त्यो. डब्यात काय बी नव्हतं. समुद्रात बी म्या मेलेलाच बगितला, पातेल्यात. ह्याला वाफेनं मारलं. आनि मिठाआधी म्या गुपचूप दिवा सोडायचो, ते ह्याला सांगितलं न्हाय.”

गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं, दुखवायचं नाही अशा बेतानं विचारलं, “न्हाय म्हनतूस, मग आत्ता दिवा कुनी इझवला रं?”

लोकांनी माना डोलावल्या. भाऊ गेल्यानं धोंडीबाचं डोकं ठिकाणावर नाही, असं ठरलं. आणि जनावराच्या बिळात उतरून भावाला वर घेऊन आला, म्हणून त्याचा मान त्या दिवशी आणखी वाढला. इतकी वर्षं ज्या किमतीला त्याचं नाणं चाललं, त्याच्या कितीतरी पट. आणि ते परत करायला गेला तर घेणारा कोणी नव्हता.

दहावं झालं. त्या संध्याकाळी धोंडीबा सोप्यात बसला होता. सत्यभामा आतल्या दाराच्या चौकटीला टेकून आली. थोरल्या दिराशी ती सरळ बोलत नसे. पदर पुढं ओढून तिनं धुरपदाबाईला म्हटलं, “आक्का, भावजींना इचारा. मीठ किती टाकायचं असतंय?”

धुरपदाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.

“म्या अर्धी मूठ मागं टाकली,” सत्यभामा म्हणाली. “सरल म्हनून. पुरी टाकली असती तर सोडलं असतं का त्यांना?”

धोंडीबानं तिला सगळं सांगितलं. भटारी, पातेलं, पहाटेची चिमणी, हणमंतप्पाचा सौदा, मान कशी हलली ते. तिच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून, काही हातचं न राखता. हे एवढं तरी तिच्या अंगावरून उतरावं म्हणून तो बोलत राहिला. ती शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, “भावजी मला बरं वाटावं म्हनून बोलत्यात, आक्का,” आणि आत गेली.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य संपलं. हणमंतप्पा आणि रुद्रम्मा बार्शीहून परतले. पेवातली ज्वारी जशीच्या तशी होती. साऱ्या धामधुमीत, लेवीत, लुटीत त्या पेवाला कोणी शिवलं नव्हतं. पुलपानं राखलं म्हणायचं, असं हणमंतप्पा हसत हसत म्हणायला गेला आणि धोंडीबाचं तोंड बघून अर्ध्यात थांबला. त्यानं कबूल केल्यापेक्षा दोन पायल्या जास्तच मोजून दिल्या. तो तसा वचनाचा पक्का माणूस होता.

तेव्हा हिशेब असा, की हणमंतप्पाला धान्य मिळालं. गावाला एक शब्द मिळाला, तो अजून वापरात आहे. बेंबळीत आजही कोणाची वाट बघून बघून माणूस आला नाही तर त्याला पुलप लागला म्हणतात. धोंडीबाची ओट्यावरची जागा मोकळीच राहिली, खांबाला पाठ लावायची ती. तो तिथं परत बसला नाही आणि दुसऱ्या कोणाला तिथं बसायचा धीर झाला नाही. या सगळ्याची किंमत बलभीमनं भरली, ती एकदाच.

आणि पेव कोणाचंही उघडायचं असो, धोंडीबा चिमणी चारचौघांत पेटवतो, सगळ्यांना दाखवून दोरीनं खाली सोडतो, का सोडायची तेही सांगतो. लोक हो हो म्हणतात आणि वाट बघत थांबतात. मग कडेवरचं पोर धुरपदाबाईच्या हाती देऊन सत्यभामा पुढं येते. पदराखाली धान्य मापायचं चिपटं असतं, मिठानं काठोकाठ. ती पेवाच्या तोंडाशी वाकते आणि मीठ ओतते. खालची ज्योत तडतडते, जरा आणखी पिवळी होते आणि पुन्हा सरळ उभी राहते. धोंडीबा दोरी धरून, खाली मान घालून थांबलेला असतो. सत्यभामा चिपटं उपडं करते आणि त्याच्या बुडावर दोनदा थाप मारते, एखादा खडा आत राहून जायला नको म्हणून.